बधिर पावलांची तपासणी

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा भर दुपारी देवळाच्या फरशीवर अनवाणी उभे राहणे धडधाकट माणसालाही काही क्षणांपलीकडे जमत नाही. ज्या मधुमेही माणसाला ते सहज जमते, त्याच्या पायांची तपासणी सर्वांत आधी व्हायला हवी. वर्षानुवर्षे वाढलेल्या साखरेमुळे मज्जातंतू आणि त्यांना रक्त पुरवणाऱ्या सूक्ष्म वाहिन्या या दोहोंची हानी होते. सर्वांत लांब तंतू सर्वांत आधी खराब होत असल्यामुळे हा विकार पायाच्या बोटांपासून सुरू होऊन वर सरकतो. काहींना रात्री वाढणारी जळजळ होते आणि मुंग्या येतात, पण अनेकांना काहीच जाणवत नाही. चप्पल चावलेली किंवा खिळा रुतलेला न कळल्यामुळे जखम चिघळते आणि प्रकरण बोट किंवा पाय कापण्यापर्यंत जाते.

भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या अभ्यासाने मांडला. नागपूरच्या मेडिकल व मेयो या सरकारी रुग्णालयांच्या किंवा मिहानमधील एम्सच्या बाह्यरुग्ण विभागांत विदर्भातून आणि शेजारच्या मध्य प्रदेश व छत्तीसगडमधूनही रुग्ण येतात. अशा गर्दीत उपयोगी पडेल ते उपकरण स्वस्त हवे, विजेवाचून चालणारे हवे आणि काही मिनिटांत उत्तर देणारे हवे.

असे उपकरण आहे, आणि ते म्हणजे नायलॉनचा एक तंतू. त्याला मोनोफिलामेंट म्हणतात. तो १० ग्रॅम दाबाला वाकेल अशा जाडीचा असतो. आधी तो रुग्णाच्या हाताला टेकवून स्पर्श कसा असतो हे दाखवतात, मग डोळे मिटायला सांगून अंगठ्याच्या टोकावर आणि तळव्याच्या पुढच्या भागातील ठरावीक जागांवर वाकेपर्यंत दाबतात. घट्ट्यावर तो टेकवायचा नसतो, कारण तिथे निरोगी माणसालाही स्पर्श कळेलच असे नाही. नायलॉन थकतो, ही बाब मात्र अनेकदा दुर्लक्षिली जाते: सुमारे दहा रुग्ण तपासल्यावर तंतूला दिवसभराची विश्रांती दिली नाही, तर तो कमी दाबाला वाकू लागतो. हवेतील आर्द्रतेनेही त्याचा ताठपणा बदलतो, त्यामुळे पावसाळ्यातील नागपुरात टेबलाच्या खणात वर्षभर पडून राहिलेल्या तंतूवर फारसा विश्वास ठेवता येत नाही.

जोसेफिन सेम्स आणि सिडनी वाइनस्टाइन यांनी हे तंतू मेंदूला जखम झालेल्या सैनिकांची स्पर्शसंवेदना मोजण्यासाठी वापरले होते. पायांच्या तपासणीत ते रुजले यामागे कुष्ठरोगाच्या कामाचा मोठा वाटा आहे. वर्ध्याजवळचे दत्तपूर आणि वरोऱ्याचे आनंदवन या कुष्ठरोग्यांसाठीच्या संस्थांमुळे विदर्भाला बधिर पाय अनोळखी नाहीत. कुष्ठरोग्याची बोटे जंतूंमुळे गळून पडत नाहीत, तर संवेदना गेल्यामुळे न कळलेल्या जखमांनी झिजतात, हे डॉ. पॉल ब्रँड यांनी वेल्लोरमध्ये दाखवून दिले आणि पुढे अमेरिकेत तोच विचार मधुमेही पायांना लागू केला.

तंतूच्या जोडीला १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क, म्हणजे ठोकल्यावर कंप पावणारा धातूचा दुपाखी चिमटा, अंगठ्याच्या हाडावर टेकवून कंपन कळते का, हे पाहतात. त्याचेच मोजमाप देणारे यंत्र म्हणजे बायोथेसिओमीटर. त्याचे कंपन व्होल्टमध्ये वाढवत नेतात आणि २५ व्होल्टच्या पुढे गेल्यावरच ते जाणवत असेल, तर पायाला व्रण होण्याचा धोका मोठा मानतात. औषध कंपन्यांच्या मदतीने भरणाऱ्या शिबिरांत हेच यंत्र बहुधा दिसते आणि रुग्णाच्या हातात आकड्यांचा कागद पडतो. बधिरपणा कशामुळे आला, हे मात्र तो कागद सांगत नाही. मेटफॉर्मिन हे मधुमेहाचे औषध दीर्घकाळ घेणाऱ्यांत बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊनही असाच त्रास होतो, म्हणून त्याची रक्ततपासणी टाळू नये.

मज्जातंतूंतील विद्युतवहन मोजणारी चाचणी अधिक काटेकोर असली, तरी ती जाड तंतूंपुरतीच आहे. वेदना आणि उष्णता वाहणारे बारीक तंतू तिच्यातून निसटतात, त्यामुळे पाय जळत असूनही अहवाल निर्दोष येऊ शकतो. तळहात-तळपाय धातूच्या पट्ट्यांवर ठेवून घामग्रंथींचा प्रतिसाद मोजणारे यंत्र आणि डोळ्याच्या पारपटलातील तंतू दाखवणारा कॉन्फोकल सूक्ष्मदर्शक हे त्यावरचे नवे उपाय आहेत.

उपचारांकडे वळताना एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी: गेलेली संवेदना परत आणून देईल असे सिद्ध झालेले यंत्र आज उपलब्ध नाही. त्वचेवरून सौम्य विद्युतस्पंदने देणाऱ्या टेन्स यंत्राने काहींच्या वेदना कमी होतात. औषधांना दाद न देणाऱ्या वेदनांसाठी मज्जारज्जूजवळ तारा बसवून सेकंदाला १०,००० स्पंदने देणाऱ्या उपकरणाला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२१ मध्ये मान्यता दिली. ते महागडे आहे आणि शस्त्रक्रियेबरोबर जंतुसंसर्गाचा धोकाही येतो. संवेदना परत आणण्याचा दावा करणारी अवरक्त किरणांची यंत्रे मात्र निष्क्रिय यंत्राशी ताडून पाहिल्यावर त्या दाव्याला उतरली नाहीत. प्रदर्शनांत विकली जाणारी पाय शेकण्याची यंत्रे तर बधिर पायाला भाजू शकतात.

व्रण झालाच, तर खरे काम दाब कमी करणाऱ्या साधनांचे असते. पायात रक्तपुरवठा पुरेसा आहे हे डॉप्लर या ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह तपासणाऱ्या यंत्राने पाहून आणि मोठा जंतुसंसर्ग नसल्याची खात्री करून गुडघ्याखालपर्यंत घट्ट बसणारे प्लास्टर घालतात. त्यामुळे शरीराचा भार एका बिंदूवर न पडता सगळ्या तळव्यावर आणि पोटरीवर वाटला जातो. ही पद्धतही कुष्ठरोगाच्या उपचारांतूनच आली आहे. काढता येणाऱ्या बुटापेक्षा हे प्लास्टर अधिक गुणकारी ठरते, कारण दुखत नसलेल्या पायातला बूट माणूस उंबऱ्याशीच काढून ठेवतो. व्रण भरल्यावर मायक्रोसेल्युलर रबराची मऊ चप्पल देतात. तिचा एक वेगळा जोड घरात घालायला घ्यावा लागतो, आणि स्वयंपाकघरात किंवा देवघरात चप्पल कशी घालायची, या प्रश्नावर डॉक्टरांना घरातल्या मंडळींशीही बोलावे लागते.