गाडी कोणाचीही असो, देश ड्रायव्हरचा

(सोलापुरात झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन, थोडी काटछाट करून)

नमस्कार मंडळी. एवढ्या उन्हाचं आलात, खरंच बरं वाटलं. अक्कलकोट रोड एमआयडीसीतले गॅरेजवाले दिसतायत, पॉलिटेक्निकची पोरं पण आहेत, म्हणजे क्लच न् गिअरबॉक्स समजवत बसायची गरज नाही, डायरेक्ट विषयावर येतो, देशादेशांमधली कार रेस आणि त्यात भारताची टीम.

2018 साल, नोव्हेंबरचा शेवट, बहरीनचा सर्किट. सव्वापाच किलोमीटरपेक्षा जरा जास्तच लांबीचा ट्रॅक, आजूबाजूला नुसती वाळू. तिथं पहिला एफआयए जीटी नेशन्स कप झाला, एफआयए म्हणजे जगभरच्या कार रेसिंगचे नियम ठरवणारी संघटना. 18 देश, प्रत्येक देशाची एक गाडी, गाडीत आळीपाळीने बसणारे दोन ड्रायव्हर आणि दोघंही त्याच देशाचे. गाड्या जीटी3 क्लासच्या, म्हणजे बाहेरून शोरूममधल्या फेरारी, पोर्शसारख्या दिसणाऱ्या, पण आतून सगळं काढून रोल केज म्हणजे ड्रायव्हरला वाचवणारा पाइपांचा पिंजरा बसवलेली, स्लिक म्हणजे नक्षी नसलेले गुळगुळीत टायर, पाचशेच्या वर हॉर्सपॉवर. आणि जिंकलं कोण, तर तुर्की! इटली नाही, जर्मनी नाही, इंग्लंड नाही. सालिह योलुच आणि आयहानजान गुवेन ही जोडी, आणि गाडी होती फेरारी 488, म्हणजे गाडी इटलीची न् झेंडा तुर्कीचा.

आता बघा, मला जिथं जाईल तिथं पोरं विचारतात की सर आपल्याकडं अशी गाडी बनतच नाही मग भारताची टीम कशी होणार. अरे पण तुर्कीत तरी कुठं बनते? पुढच्याच वर्षी, 2019 ला, रोमजवळ व्हॅलेलुंगाला मोटरस्पोर्ट गेम्स झाले, देशादेशांमधलेच, त्यातला जीटी कप जपानने नेला, हामागुची आणि सासाहारा या जोडीने, आणि तो पण लॅम्बोर्गिनीत. ज्या जपानकडं होंडा, निसान, टोयोटा सगळं आहे त्यांनी पण इटलीचीच गाडी घेतली ना.

पूर्वी मात्र उलटं होतं, हे मला फार इंटरेस्टिंग वाटतं म्हणून सांगतोच. 1900 ला गॉर्डन बेनेट कप सुरू झाला, देशादेशांमधली रेस, एका देशाच्या जास्तीत जास्त तीन गाड्या. नियम असा की गाडीचा प्रत्येक पार्ट त्याच देशात बनलेला पाहिजे, टायरसुद्धा. 1902 ला ब्रिटन जिंकलं म्हणून 1903 ची रेस त्यांनी भरवायची, पण तिकडं रस्त्यावर रेस कायद्यात बसेना म्हणून खास कायदा करून ती आयर्लंडला नेली, तिथं ब्रिटनच्या गाड्या हिरव्या रंगवल्या आणि तो हिरवा रंग त्यांना आजपर्यंत चिकटलाय. त्यात मर्सिडीजच्या कारखान्याला रेसच्या तोंडावर आग लागली, 90 हॉर्सपॉवरच्या गाड्या जळाल्या, मग गिऱ्हाइकांना विकलेल्या 60 हॉर्सपॉवरच्या गाड्या परत मागून आणल्या आणि त्यातल्याच एका गाडीने रेस मारली. चालवणारा कामिय जेनात्झी बेल्जियमचा माणूस, पण जिंकली जर्मनी, कारण गाडी जर्मनीची. तेव्हा देश गाडीवरून ठरायचा, आता ड्रायव्हरच्या पासपोर्टवरून ठरतो.

बरं मग ज्याच्याकडं भारी गाडी तोच जिंकणार का, तर नाही. जीटी3 मध्ये बॅलन्स ऑफ परफॉर्मन्स म्हणून भानगड असते, जी गाडी जास्त पळते तिच्यात वजन टाकायचं, इंजिनाची हवा कमी करायची, टर्बोचा बूस्ट खाली आणायचा, म्हणजे सगळ्या कंपन्यांच्या गाड्या जवळपास एका लेव्हलला येतात. मग फरक पडतो तो माणसांचा. आणि कुठली माणसं, हे नीट ऐका, कारण मी आलोय ते यासाठीच. एफआयए ड्रायव्हरांना ग्रेड देते, प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर, ब्राँझ. ब्राँझ म्हणजे मुळात हौशी, ज्याचा धंदा नाहीतर नोकरी वेगळी आहे आणि तो शनिवार-रविवार रेस करतो. नेशन्स कपला प्लॅटिनम-गोल्डवाल्यांना एंट्रीच नव्हती. बैलगाडा शर्यतीत कसं, एक बैल कितीही पळू दे, जोडीचा स्पीड दुसऱ्या बैलावरच ठरतो, तसंच इथं. गुवेन तरुण, फास्ट, पुढं पोर्शने त्याला फॅक्टरी ड्रायव्हर, म्हणजे कंपनीचा पगारी ड्रायव्हर केला. पण योलुच हा त्या जोडीतला हौशी माणूस, आणि तोच 2020 ला फ्रान्समधल्या ल मां 24 तासांच्या रेसमध्ये अ‍ॅस्टन मार्टिनमधून आपला क्लास, म्हणजे आपला गट जिंकला. असा माणूस तुर्कीकडं होता म्हणून ते जिंकले असं माझं स्पष्ट मत आहे.

पिट स्टॉपला, म्हणजे रेसमध्ये ड्रायव्हर बदलायला गाडी थांबते तेव्हा, हे डोळ्याला दिसतं. गाडी थांबते, दार उघडतं, उतरणारा ड्रायव्हर स्वतःचा सीट इन्सर्ट, म्हणजे आपल्या मापाची सीटवरची गादी, उपसून बाहेर फेकतो कारण दोघांची उंची वेगळी, दुसरा आत घुसतो, मग जो आत्ता घामाने निथळत उतरलाय तोच वाकून त्याचे पट्टे आवळतो, रेडिओची वायर लावतो, पाण्याची नळी जोडतो. स्टॉपला किमान वेळ ठरलेला असतो, त्याआधी निघालात तर पेनल्टी. आणि बाहेर पडल्यावर टायर गार, ग्रिप नाही, तेव्हा ब्राँझवाला स्टिअरिंगवरचा ट्रॅक्शन कंट्रोल, म्हणजे चाकं जागेवर फिरू न देणारी यंत्रणा, वाढवतो, ब्रेक जरा आधी मारतो. तिथं त्याने दम धरला तर रेस हातात राहते.

आपल्याकडं वरचे ड्रायव्हर आहेत की ओ. देशादेशांची ए1 जीपी व्हायची, सिंगल सीटर गाड्यांची, त्यात 2007 ला चीनमध्ये झुहाईला नारायण कार्तिकेयनने भारताला रेस जिंकून दिली. अर्जुन मैनी जर्मनीत डीटीएम या रेस मालिकेत जीटी3 चालवतो. कमी आहे ती मधल्या माणसांची, दुकान सांभाळून, नोकरी सांभाळून रेस करणाऱ्यांची. त्यांना ट्रॅक पाहिजे, आणि मोठे ट्रॅक चेन्नईला, कोइम्बतूरला, ग्रेटर नोएडाला. इथल्या पोराला जवळ म्हणजे कोल्हापूरचा कार्टिंग ट्रॅक. मग पोरं काय करतात, रात्री विजापूर रोडला नाहीतर पुणे हायवेला गाडी ताणतात. पोरांनो, हात जोडून सांगतो, ते बंद करा. समोरून येणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टरला माहीत नसतं तुमची रेस चाललीय म्हणून. पैसे साठवा, महिन्यातून एकदा कोल्हापूर गाठा, स्टॉपवॉच लावून प्रत्येक लॅप लिहून ठेवा. आणि गॅरेजवाल्यांनो, टायरचं प्रेशर आणि टेंपरेचर वाचणारा माणूस प्रत्येक टीमला लागतो, ते काम तुमची पोरं शिकू शकतात.

चला, लाइट बंद करा जरा, बहरीनची रेस लावतो. लीडरकडं बघू नका, पिटमधून बाहेर पडणाऱ्या गाडीच्या पहिल्या दोन लॅप बघा, मग प्रश्न विचारा.