बादलीतून सोडलेले डास

इंडोनेशियातलं योग्याकार्ता शहर. घरामागे सावलीत ठेवलेली ही झाकणाची प्लास्टिकची बादली. वरच्या कडेला भोकं, आत लिटरभर पाणी, माशांच्या खाद्याची चकती आणि डासांची शंभर-दीडशे अंडी चिकटवलेली पट्टी. आधी अळ्या, मग कोष, मग डास. भोकांतून ते उडून जातात. दोन आठवड्यांनी पाणी, खाद्य, पट्टी सगळं बदलायचं.

डास एडिस इजिप्तीच, डेंग्यू पसरवणारी तीच जात. पण यांच्या पेशींत वोल्बाकिया हा जिवाणू आहे. मूळचा फळमाशीतला, बारीक सुईने एडिसच्या अंड्यांत घातलेला. तो असला की डेंग्यूचा विषाणू डासाच्या अंगात नीट वाढत नाही. मादीकडून वोल्बाकिया पुढच्या पिढीत उतरतो. वोल्बाकियावाला नर साध्या मादीला मिळाला, तर तिची अंडी फुटतच नाहीत. त्यामुळे वोल्बाकियावाल्या माद्यांचीच वीण वाढते.

दर आठवड्याला सापळ्यांतले डास पीसीआर या जनुकीय चाचणीने तपासतात. सलग तीन आठवडे वोल्बाकियाचं प्रमाण साठ टक्क्यांवर राहिलं, की बादल्या उचलायच्या. घाई केली, तर प्रमाण पुन्हा घसरतं.

इथे शहराचे 24 भाग पाडून 12 भागांत हे डास सोडले. तिथे उरलेल्या 12 भागांपेक्षा डेंग्यूचे रुग्ण 77 टक्क्यांनी कमी आढळले, रुग्णालयात दाखल होणारे 86 टक्क्यांनी.

रिओ दि जानेरोतल्या तुबियाकांगात मात्र 2014चा पहिला प्रयत्न फसला. तिथले डास घरगुती कीटकनाशकांना सरावलेले. प्रयोगशाळेतले त्याच फवाऱ्याने मरत होते. डास सोडणं थांबलं आणि प्रमाण कोसळलं. मग स्थानिक डासांशी पुन्हा पुन्हा संकर करून ती प्रतिकारशक्ती आणावी लागली, तेव्हा कुठे वोल्बाकिया टिकला. डास त्या वस्तीत तगणारा हवा. जिवाणू कितीही चांगला असला तरी हे टळत नाही.

पुदुच्चेरीच्या व्हेक्टर कंट्रोल रिसर्च सेंटर या रोगवाहक कीटकांवरच्या संशोधन संस्थेनेही हेच केलं: वोल्बाकियाचे दोन प्रकार, डब्ल्यू-मेल आणि डब्ल्यू-अल्ब-बी, तिथल्या एडिसमध्ये उतरवले. यातला डब्ल्यू-मेल उष्णतेला हळवा. अळ्यांचं पाणी रोज 37 अंशांपर्यंत तापलं, तर तो डासांतून ओसरतो. डब्ल्यू-अल्ब-बी जास्त तग धरतो. विदर्भासारख्या ठिकाणी उतरायचं, तर आधी मे महिन्यात पिंपांतल्या पाण्याचं तापमान मोजायला हवं.