समुद्रतळाची गणपूर्ती

नमस्कार श्रोतेहो. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेला कधी गेला असाल, तर 'गणपूर्तीअभावी सभा तहकूब' हे वाक्य तुम्हाला पाठ असेल. आपल्याकडे अर्ध्या तासाने तीच सभा आहेत तेवढ्या डोक्यांत उरकतात, ते सोडा. जिवाणू या बाबतीत आपल्यापेक्षा कडक. पुरेशी संख्या जमल्याशिवाय त्यांचा ठराव पास होत नाही.

ते मोजतात कसे? अनेक जातींचे जिवाणू अंगातून एक बारीक रेणू सोडत राहतात. एकटा-दुकटा असेल तर तो रेणू पाण्यात विरून जातो. दाटी झाली की रेणूही साचतात, आणि एका मर्यादेपुढे सगळ्यांची ठरावीक जनुकं एकदमच जागी होतात. 1970 मध्ये केनेथ नील्सन आणि वुडलंड हेस्टिंग्ज यांनी समुद्रातल्या चमकणाऱ्या जिवाणूंत हे टिपलं. विरळ होते तोवर अंधार, गर्दी झाली तसा उजेड. 'कोरम सेन्सिंग' हे नाव मात्र 1994 मध्ये पडलं.

आता प्रवाळाकडे येऊ. पोवळं म्हटलं की आपल्याला मंगळाची अंगठी आठवते. पण प्रवाळ हा जिवंत प्राणी. त्याच्या अंगावर बुळबुळीत स्रावाचा थर असतो आणि त्यात जिवाणूंची भरगच्च वस्ती. बरेचसे निरुपद्रवी, काही तर घुसखोरांना मारणारी द्रव्यंही तयार करतात.

अमेरिकेत फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाला छोट्या बेटांची माळ आहे, फ्लोरिडा कीज. तिथल्या सांबरशिंगासारख्या फांद्यांच्या प्रवाळावर 1996 मध्ये पांढरे चट्टे दिसले. चट्टा पडेल तिथलं मांस झडून खाली नुसता सांगाडा उरे. 2002 मध्ये त्यामागे 'सेरेशिया मार्सेसेन्स' हा जिवाणू सापडला. तुमच्या-माझ्या न्हाणीघरात फरशीच्या सांध्यांत जो गुलाबीसर थर धरतो ना, तो बऱ्याचदा याचाच. माणसाच्या आतड्यातही तो राहतो. 2011 मध्ये सिद्ध झालं, की सांडपाण्यातून आलेला माणसांमधला वाणच प्रवाळाला आजारी पाडू शकतो. प्राण्यांकडून माणसाला रोग आल्याच्या बातम्या आपण रोज ऐकतो. इथे गंगा उलटी वाहिली. अर्थात पुढच्या प्रत्येक साथीत हाच जिवाणू हाती लागला असं नाही, तेव्हा सगळं खापर त्याच्या एकट्याच्या माथी फोडता येत नाही.

मला खरी गंमत वाटते ती पुढची. हा सेरेशिया प्रवाळावर झुंडीने पसरतो, चिकट थर धरून ठाण मांडतो. या दोन्ही कामांत त्याला आपसातल्या निरोपांची मदत लागते. 2011 मध्येच संशोधकांनी प्रवाळावरचेच काही रहिवासी जिवाणू वेगळे केले आणि सेरेशियासमोर ठेवले. त्यातल्या काहींमुळे त्याची झुंड पांगली, थर धरेना. प्रवाळाचा चुलतभाऊ शोभेल अशा एका समुद्रफुलावर प्रयोग केला, तर तिथे रोगाची आगेकूचही थोपली. शत्रूला मारण्यापेक्षा त्याची सभाच भरू द्यायची नाही, ही युक्ती मला जास्त शहाणपणाची वाटते. ऑस्ट्रेलियातलं एक लाल शेवाळ तर हे फार आधीपासून करतंय. जिवाणूंच्या निरोपासारखेच दिसणारे रेणू बनवून ते खऱ्या निरोपाची जागा अडवतं.

पाणी तापलं की मात्र हिशेब बदलतो. 'व्हिब्रिओ कोरॅलिलिटिकस' नावाचा जिवाणू एका प्रवाळावर सोडून पाहिला. 22 अंशांना काहीच झालं नाही. 27 अंशांच्या पुढे मांस विरघळायला लागलं. जिवाणू तोच, प्रवाळ तोच, बदललं होतं फक्त पाणी.

जिवाणूंचे निरोप फक्त आपसातच असतात असं मात्र नाही. प्रवाळाची अळी पाण्यात तरंगत असते आणि तिला घर करायला जागा हवी असते. खडकावरच्या लाल, कडक शेवाळावर राहणारे काही जिवाणू ब्रोमिनयुक्त एक रेणू सोडतात; तो मिळाला की अळी रूप बदलू लागते. ऑस्ट्रेलियातल्या प्रयोगात काही अळ्यांनी घाई केली, कुठेही न चिकटता तरंगता तरंगताच त्या बदलून मोकळ्या झाल्या. कॅरिबियनमधल्या अळ्यांनी मात्र आधी बूड टेकलं, मग घर केलं.

नमस्कार.