अंतराळ प्रवाशाची तपासणी : डॉक्टर नेमकं काय शोधतात?

[दृश्य : सेंट्रिफ्यूज या माणसाला वेगाने फिरवणाऱ्या यंत्राची भुजा]

पैसे भरून अंतराळात जाणाऱ्या प्रवाशाची वैद्यकीय तपासणी अमेरिकेच्या कायद्याने सक्तीची केलेली नाही. यान चालवणाऱ्याला दुसऱ्या श्रेणीचं वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं. प्रवाशाला मात्र धोके लेखी सांगायचे आणि त्याची संमती घ्यायची, एवढंच बंधन. कोणाला न्यायचं, हे कंपनी ठरवते.

'न्यू शेपर्ड' या ब्लू ओरिजिन कंपनीच्या यानाची सफर जेमतेम दहा-अकरा मिनिटांची. तिच्या अटीही तशाच सोप्या : सात मजले दीड मिनिटाच्या आत चढता यावेत, पट्टा १५ सेकंदांत लावता-सोडता यावा, परतताना काही क्षण साडेपाच जी, म्हणजे शरीराच्या वजनाच्या साडेपाच पट भार सोसावा. २०२१ मध्ये अभिनेते विल्यम शॅटनर नव्वदाव्या वर्षी जाऊन आले. वयापेक्षा आटोक्यात नसलेला आजार जास्त घातक.

[दृश्य : रशियाचं सोयूझ यान, आतली अरुंद आसनं]

कक्षेत आठ-दहा दिवस राहायचं, तर हिशेब बदलतो. २००६ मध्ये सोयूझच्या एका जपानी प्रवाशाला उड्डाण महिन्यावर आलं असताना वगळलं, कारण मूतखडा. वजनरहित अवस्थेत हाडांतलं कॅल्शियम सुटून लघवीत उतरतं, पाणी कमी प्यायलं जातं आणि लघवी दाट होते. तिथे खडा अडकला, तर मोहीम सोडून पृथ्वीवर परतावं लागू शकतं.

फुप्फुसाचं तर फार बारकाईने पाहावं लागतं. काहींच्या फुप्फुसात हवेचे फुगे अडकून असतात. जमिनीवर ते जाणवतही नाहीत. यानातली हवा गळाली, तर सोकोल या सोयूझमधल्या हवाबंद पोशाखात दाब उरतो जमिनीवरच्या साधारण ०.४ पट. अडकलेली हवा अडीच पट फुगू पाहते. फुगा फुटला, की हवा छातीच्या पोकळीत शिरते आणि फुप्फुस मिटतं.

म्हणून साधा एक्स-रे पुरत नाही, सीटी स्कॅन हवाच.

असे फुगे असलेल्या ५७ वर्षांच्या एका प्रवाशाची नोंद २००६ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आली. त्याच्या हृदयाचे ठोकेही मधूनमधून चुकत. डॉक्टरांनी त्याला थेट नकार दिला नाही, हे आम्हाला फार मोलाचं वाटतं. फुप्फुस छातीच्या भिंतीला चिकटवण्याची शस्त्रक्रिया झाली, ठोक्यांची दीर्घकाळ नोंद घेतली. मग कमी दाबाची खोली, वजनरहित अवस्था देणारं विमान आणि शरीरावरचा भार वाढवणारं सेंट्रिफ्यूज, अशा एकेका ताणातून त्याला पारखून घेतलं. त्यानंतरच उड्डाणाला परवानगी मिळाली, आणि दहा दिवसांची मोहीम सुरळीत पार पडली.