कपाटातले तक्ते

(दृश्य: शाळेचं फाटक. दुचाकी बाहेरच थांबते.)

गाडी फाटकाबाहेर लावायची. आधी फोन करायचा नाही. साहेब येणार म्हटलं की फळा लख्ख होतो, तक्ते भिंतीवर चढतात. या ताई एका शिकवण्याच्या पद्धतीच्या प्रयोगासाठी वर्गांची पाहणी करतात. त्यांना रोजचा वर्ग पाहायचाय.

(दृश्य: वर्ग. जमिनीवर मुलांचे गोल.)

तिसरी, चौथी, पाचवी, सगळी एकत्र. हा गट अक्षरं ओळखणाऱ्यांचा, तो शब्द वाचणाऱ्यांचा. खिडकीपाशी गोष्ट वाचणारे. इयत्ता बाजूला ठेवायची आणि मुलाला जेवढं येतं तिथून पुढे न्यायचं. मुंबईत १९९५मध्ये सुरू झालेल्या 'प्रथम' या संस्थेची ही पद्धत. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो हे अर्थशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती अनेक राज्यांत प्रयोगाने तपासली. कुठल्या शाळेला पद्धत मिळणार हे सोडतीने ठरवायचं, शेवटी दोन्हीकडची मुलं वाचतात कशी ते पाहायचं.

निकालाचा आकडा सगळेच विचारतात. मधल्या दिवसांत वर्गात काय चाललं होतं, हे विचारणारा विरळा.

(दृश्य: मांडीवरचा फॉर्म, जवळून. पेन, मनगटावरचं घड्याळ.)

तास कितीला सुरू झाला? गट इयत्तेचे की येतं त्याप्रमाणे? बाराखडीचा तक्ता मुलांच्या हातात आहे, भिंतीवर आहे, की कपाटात? ठरावीक मिनिटांनी मान वर करायची आणि त्या क्षणी दिसेल तेच लिहायचं. बाई छान शिकवतात, मुलं खूश आहेत, असलं काही लिहायला फॉर्मवर जागाच नाही.

हाच फॉर्म घेऊन ताई पद्धत न मिळालेल्या शाळेतही जातात. लोकांना हा फुकटचा हेलपाटा वाटतो. पण तिथल्या गुरुजींनी शेजारच्या शाळेत बघून तसेच गट केले असतील, तर तुलना कशाशी करणार?

(दृश्य: बंद कपाट. कुलूप. किल्लीचा जुडगा.)

बिहारमधला अनुभव या कपाटासारखा. २००८च्या उन्हाळी शिबिरात सरकारी शिक्षकांनी हीच पद्धत वापरली आणि मुलं वाचू लागली. मग शाळा सुरू झाल्या. जिथे फक्त साहित्य दिलं किंवा साहित्यासोबत प्रशिक्षण दिलं, तिथे काही हललं नाही. पद्धत फसली म्हणायची? वर्गात पाहिलं तर मुलं येतं त्याप्रमाणे बसवलेलीच नव्हती. पुस्तक आणि अभ्यासक्रम नेहमीच्याच चाकोरीत. उत्तराखंडात तर मदतीला दिलेले स्वयंसेवक शाळांनी नेहमीच्या शिक्षकांसारखे वापरून टाकले. माणसं कमी असली की मुख्याध्यापक तरी काय करणार, हेही खरंच.

हरियाणात म्हणून एक तास यासाठीच राखला. देखरेख करणाऱ्यांनी आधी स्वतः वर्ग घेऊन पाहिले, मग शाळांना भेटी दिल्या. तिथे वाचन सुधारलं. अशा प्रयोगांसाठीच २०१९मध्ये बॅनर्जी आणि डफ्लो यांना मायकेल क्रेमर यांच्यासह अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

(दृश्य: चिंचेखाली पाहणी करणाऱ्या दोघी ताई, दोन फॉर्म शेजारी शेजारी.)

एकच वर्ग, एकच तास, दोघी वेगवेगळ्या कोपऱ्यांत बसल्या होत्या. आता फॉर्म ताडून पाहतात. 'येतं त्याप्रमाणे गट' या रकान्यात एकीचं 'हो', दुसरीचं 'नाही'. मुलं गोलात होती, मान्य. पण खिडकीपाशी सगळी पाचवीचीच होती, असं दुसरीचं म्हणणं. पहिली म्हणते, त्यांना गोष्ट वाचता येत होती, मी ऐकलं.

(दृश्य: दोघी उठतात. दुसरी वर्गाकडे परत. पाठीमागून कॅमेरा.)

(खिडकीपाशी एक मुलगी गोष्ट वाचते. आवाज तिचाच. निवेदन नाही.)