संमेलन कुणाच्या पैशांवर?

(दृश्य : विद्यापीठाचं व्याख्यानगृह. बाकांमधून केबल अंथरणारे स्वयंसेवक. दारावर हातानं चिकटवलेलं वेळापत्रक.)

ब्रुसेल्स शहर, ऐन हिवाळा. विद्यापीठाच्या आवारात शनिवार-रविवार हजारो माणसं जमलीत. मुक्त सॉफ्टवेअर, म्हणजे कुणालाही वाचता-बदलता येईल असं सॉफ्टवेअर, लिहिणारी, वापरणारी, नुकतीच शिकायला लागलेली. दारावर कुणी तिकीट मागत नाही. नावनोंदणी नाही, गळ्यात बिल्ला नाही. आत यायचं, वेळापत्रक पाहायचं आणि हव्या त्या खोलीत जागा मिळाली तर बसायचं.

हे फॉसडेम. २००० साली राफाएल बोदुइन यांच्या पुढाकारानं ते सुरू झालं. त्या पहिल्या वर्षी नाव होतं ऑसडेम. पाव शतक उलटलं, गर्दी अनेक पटींनी वाढली, पण प्रवेश आजही मोफत आहे.

हे परवडतं कसं, याचं बरंचसं उत्तर जागेत आहे. शनिवार-रविवारी विद्यापीठाचे वर्ग रिकामे असतात. तिथे बाकं, फळे आणि पडदे आधीपासूनच असतात.

(दृश्य : भव्य परिषद केंद्र. सरकते जिने, गालिचे, रिकामा स्वागतकक्ष.)

आता दुसरीकडे पाहू. हौशी कार्यकर्त्यांच्या एका गटाला वाटतं, आपलं संमेलन मोठं झालंय, आता जागाही तशीच हवी. ते परिषद केंद्राकडे जातात. भाड्याचा आकडा बघून घाम फुटतो, पण भाडं ही तर सुरुवात असते. अनेक केंद्रांत खानपान त्यांच्याच ठेकेदाराकडून घ्यावं लागतं, तेही ठरलेल्या किमान रकमेचं. पडदा, ध्वनिक्षेपक, इंटरनेट, प्रत्येकाचं बिल वेगळं. हॉटेलशी करार केला, तर इतक्या खोल्या भरल्याच पाहिजेत अशी अट येते. कमी भरल्या की फरक आयोजकांच्या अंगावर. आणि या सगळ्यावर सह्या करायच्या त्या कित्येक महिने आधी, एकही तिकीट विकलं गेलेलं नसताना.

सही झाल्यावर खजिनदाराला झोप लागत नाही. मग तो मोठा प्रायोजक शोधायला निघतो. घाईत, गरजेपोटी आणि समोरच्याला ती गरज दिसत असताना.

आमचं स्पष्ट मत असं, की संमेलनाचं स्वातंत्र्य याच टप्प्यावर गहाण पडतं. प्रायोजक नंतर येतो. खर्च आधी ठरलेला असतो.

प्रायोजक काही हुकूम सोडत नाही. आधी फलकावर नाव येतं. पुढच्या वर्षी दालन. मग मुख्य भाषणाआधी त्यांच्या प्रतिनिधीची दहा मिनिटं. मग त्यांच्याच अभियंत्याचं व्याख्यान, इतरांसारखं निवडीतून न येता थेट कार्यक्रमपत्रिकेत. त्यानंतर मागणी होते ती उपस्थितांच्या ईमेल पत्त्यांची. आणि त्या कंपनीच्या उत्पादनातले दोष दाखवणारं भाषण? ते कुणी नाकारत नाही. ते द्यायला कुणी पुढे येत नाही, इतकंच. ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी. या म्हणीला करारनामा लागत नाही.

(दृश्य : लॅपटॉपवर जमाखर्चाचा तक्ता. एक ओळ लाल होते.)

पैसा वाईट नसतो. फॉसडेमलाही प्रायोजक आहेत आणि सोबत येणाऱ्यांच्या देणग्याही आहेत. डेबियन या मुक्त संगणकप्रणालीच्या वार्षिक संमेलनालाही, म्हणजे डेबकॉन्फला, कंपन्या पैसे देतात. ज्यांना प्रवास आणि मुक्काम परवडत नाही, त्यांना तिथे मदत दिली जाते. प्रश्न प्रमाणाचा आहे, आणि त्या पैशावर नेमकं काय टेकलेलं आहे याचा. उद्या सर्वात मोठ्या देणगीदाराचं पत्र आलं, यंदा जमणार नाही, तर तक्त्यातली कोणती ओळ पुसली जाईल? सभागृहाची पुसली जाणार असेल, तर ते संमेलन त्या देणगीदाराचं आहे. २०२२-२३ मध्ये मोठ्या तंत्रज्ञान कंपन्यांनी नोकरकपात सुरू केली, तेव्हा अशा खर्चांनाही कात्री लागली. संमेलन भरवणाऱ्यांचं काम चांगलं चाललं होतं की वाईट, याच्याशी त्या निर्णयाचा काही संबंध नव्हता.

इथे एक गोष्ट आग्रहानं सांगावीशी वाटते. प्रायोजकाच्या भरवशावर ठेवायचा असेल, तर टी-शर्टचा खर्च ठेवा, संध्याकाळच्या मेजवानीचा ठेवा. प्रवासमदत मात्र तिकिटांच्या पैशातून बाजूला काढा. बहुतेक ठिकाणी नेमकं उलटं होतं. मग पैसा आटला की मेजवानी टिकते आणि ज्याला विमानाचं भाडं झेपत नाही, तो घरी राहतो.

(दृश्य : अंधारलेला मोठा हॉल, रंगीत दिवे, टेबलांवर तारांचं जाळं.)

जर्मनीतल्या केऑस कम्युनिकेशन काँग्रेसची वाट आणखी वेगळी. १९८४ साली हॅम्बुर्गमध्ये सुरू झालेलं हे हॅकर मंडळींचं, म्हणजे संगणकप्रणाली खोलून-उकलून पाहणाऱ्यांचं, संमेलन वर्षाच्या शेवटच्या दिवसांत भरतं. माणसं दहा हजारांच्या वर, जागा मोठी, आणि तरीही कंपन्यांचं प्रायोजकत्व नाही. खर्च तिकिटांमधून निघतो. ऐपत असलेल्यांनी स्वखुशीनं जास्त किमतीचं तिकीट घ्यावं अशी सोय असते, त्यातून इतरांचा भार हलका होतो. दारावर उभं राहण्यापासून भाषणांच्या थेट भाषांतरापर्यंतची कामं बिनपगारी स्वयंसेवक करतात. तिथे त्यांना एंजल म्हणतात. एवढ्या गर्दीला पुरेल असं इंटरनेटचं जाळंही स्वयंसेवकच उभारतात.

यातून जन्मलेल्या गोष्टी दुसऱ्यांच्याही कामी येतात. चित्रीकरणाचं उदाहरण घ्या. व्यावसायिक पथक बोलावणं महागडं, म्हणून या मंडळींनी व्होक्टोमिक्स नावाचं मुक्त सॉफ्टवेअर लिहिलं. अनेक कॅमेऱ्यांची दृश्यं त्यावर एकत्र जोडता येतात. पुढे डेबकॉन्फ आणि फॉसडेमनंही ते वापरलं. भाषणं नंतर सर्वांसाठी मोफत खुली होतात, म्हणजे जो येऊ शकला नाही तोही ऐकतो.

(दृश्य : पहाटेची वेळ. खुर्च्या रचून ठेवणारे थकलेले चेहरे.)

या वाटेची किंमत माणसं चुकवतात. तीच चार-सहा मंडळी वर्षानुवर्षं राबतात, नोकरी आणि घर सांभाळून, आणि एक दिवस कुणालाही न सांगता थांबतात. शिवाय फुकट राबण्याइतका मोकळा वेळ सगळ्यांकडे कुठे असतो? ज्याच्या घरी लहान मूल आहे, ज्याची रोजंदारी बुडते, तो आयोजक होऊ शकत नाही. मग संमेलन सर्वांना खुलं राहतं, पण ते चालवणारे एकाच साच्यातले होतात. स्वतंत्र संमेलनांच्या बाजूनं बोलणाऱ्यांनी हे मोकळेपणानं बोलायला हवं. पाळणाघर, कामांच्या छोट्या पाळ्या, दर दोन वर्षांनी बदलणारी समिती, हे खर्च आणि कष्ट पहिल्या बैठकीतच मोजायला हवेत.

आकार लहान ठेवणं हाही एक मार्ग. २००५ च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो इथे पहिलं बारकॅम्प, म्हणजे तंत्रज्ञानप्रेमींचं अनौपचारिक संमेलन, भरलं. फू कॅम्प या निमंत्रितांच्याच मेळाव्याला ते खुलं उत्तर होतं. एका कंपनीचं कार्यालय मागून घेतलं, आठवड्याच्या आत तयारी केली, सुमारे दोनशे जण आले. कार्यक्रमपत्रिका आलेल्यांनीच तिथल्या तिथे भरली. भाषणाची जागा विकायचीच म्हटली, तरी विकायला काही शिल्लक नव्हतं.

अमेरिकेतल्या पायकॉनमध्ये, म्हणजे पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या संमेलनात, बरीच वर्षं आणखी एक नियम पाळला गेला : सगळ्यांनी पैसे भरायचे. वक्त्यांनीही, आयोजकांनीही. ज्याला झेपत नाही, त्यानं मदतीसाठी अर्ज करायचा. अशा नियमात मानाचा पाहुणा ही जातच उरत नाही, आणि हे आम्हाला फार मोलाचं वाटतं.

(दृश्य : कृष्णधवल छायाचित्रं. कोट-टाय घातलेले तरुण विज्ञानकथाप्रेमी.)

या सगळ्यांहून जुनं उदाहरण विज्ञानकथेच्या वाचकांचं. त्यांचं वर्ल्डकॉन १९३९ साली न्यूयॉर्कमध्ये पहिल्यांदा भरलं. दरवर्षी नवं शहर, नवी हौशी समिती. जाणारा माणूस तिकीट काढत नाही, सभासद होतो. पुढचं ठिकाण कोणतं हे सभासद मतदानानं ठरवतात. विज्ञानकथेचे मानाचे ह्यूगो पुरस्कारही त्यांच्याच मतांनी दिले जातात. आयोजकांना हिशेब सभेपुढे मांडावा लागतो आणि शिल्लक उरली, तर त्यातला वाटा पुढच्या वर्षांच्या समित्यांकडे पाठवण्याची रीत आहे.

२०२१ साली वॉशिंग्टनच्या वर्ल्डकॉनमध्ये पुरस्कारसोहळ्याच्या प्रायोजकांत शस्त्रास्त्रं बनवणाऱ्या एका कंपनीचं नाव दिसलं. वाचक, लेखक, खुद्द नामांकन मिळालेले लोक संतापले. अध्यक्षांनी जाहीर माफी मागितली, निर्णयाची जबाबदारी स्वतःवर घेतली. कंपनीकडून जेवढी रक्कम आली होती, तेवढीच शांततेसाठी काम करणाऱ्या एका संस्थेला देण्याचं जाहीर झालं. अशी रक्कम देऊन टाकता येते, ती सभागृहाचं भाडं तिच्यावर अवलंबून नसेल तरच.