विज्ञान शिक्षक घडतो कसा

नमस्कार मंडळी. ‘करिअरच्या वाटा’ या सत्रात मला बोलावलंत, याचा मनापासून आनंद आहे. अशा सत्रांत शाळेतले शिक्षक सहसा नसतात. मी माध्यमिक शाळेत रसायनशास्त्र शिकवते, खालच्या वर्गांना सामान्य विज्ञान. हे काम विज्ञानातलंच आहे, विज्ञान सोडून केलेलं नाही, एवढंच मला आज सांगायचं आहे.

आधी माझ्याबद्दल थोडं. रसायनशास्त्रात बी.एस्सी., मग एम.एस्सी., आणि त्यानंतर औषधं बनवणाऱ्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरी. आलेला नमुना तपासायचा, नोंद करायची, सही करायची. नव्याने लागलेल्यांना टायट्रेशन, म्हणजे थेंबाथेंबाने द्रावण घालून नमुन्यातल्या पदार्थाचं प्रमाण मोजण्याची रीत, शिकवायचं कामही हळूहळू माझ्याकडे आलं. ब्युरेटची, म्हणजे द्रावण सोडणाऱ्या खुणांच्या काचनळीची, तोटी नेमकी कधी बंद करायची, फिका गुलाबी रंग टिकला असं केव्हा म्हणायचं, हे दाखवताना समोरच्याचं कुठे अडतंय ते शोधण्यात मी रमायला लागले. नमुन्यांपेक्षा माणसं जास्त आवडतायत हे लक्षात आलं आणि मी बी.एड.ला प्रवेश घेतला.

“एम.एस्सी. करून शाळेत?” हा प्रश्न तेव्हा बऱ्याच जणांनी विचारला. आज तोच प्रश्न पालक आपल्या मुलांना विचारतात, म्हणून दोन नावं घेते. विद्युतरोधाचा नियम मांडणारा जॉर्ज ओहम जर्मनीत कोलोनच्या एका शाळेत गणित आणि भौतिकशास्त्र शिकवायचा. शाळेच्याच प्रयोगशाळेतली उपकरणं वापरून त्याने प्रयोग केले आणि १८२७ मध्ये आपलं पुस्तक प्रसिद्ध केलं. दुसरा योहान बाल्मर, स्वित्झर्लंडमध्ये बाझलच्या मुलींच्या शाळेतला शिक्षक. हायड्रोजनच्या वर्णरेषांचं, म्हणजे त्याच्या प्रकाशात दिसणाऱ्या ठरावीक रंगांच्या रेषांचं, सूत्र त्याने १८८५ मध्ये दिलं, तेव्हा तो साठीच्या घरात होता. पुढे १९१३ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ नील्स बोरच्या अणूच्या प्रतिकृतीतून त्या सूत्रामागचं कारण उलगडलं. शाळेत शिकवणाऱ्याचं डोकं शाळेतल्या पुस्तकापाशी थांबत नाही, हे यातून दिसावं.

पण शोध लावले म्हणून शिक्षक मोठा, असंही मला म्हणायचं नाही. शिकवण्याचं स्वतःचं एक ज्ञान असतं. विषय येणं वेगळं, शिकवण्याच्या सर्वसाधारण पद्धती येणं वेगळं, आणि हा अमुक धडा मुलांना कुठे अवघड जातो, कोणत्या उदाहरणाने सुटतो, हे येणं तिसरंच. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी १९८६ मध्ये या तिसऱ्या ज्ञानाकडे सगळ्यांचं लक्ष वेधलं. बी.एड.मध्ये पाठाचं टाचण काढताना, मागच्या बाकावर निरीक्षक बसलेले असताना सराव पाठ घेताना त्याची सुरुवात होते. खरं शिक्षण पुढे वर्गात होतं.

ज्वलनाचा धडा घ्या. एका आडव्या दांडीच्या दोन टोकांना स्टील वूलचे, म्हणजे लोखंडाच्या केसासारख्या बारीक तारांचे, दोन सारखे गोळे टांगायचे. दांडी मधोमध तोललेली. आता एक गोळा पेटवायचा. पेटवण्याआधी मी वर्गाला विचारते, जळणारी बाजू वर जाईल, खाली येईल की तशीच राहील? हात वर करून मत द्यायचं आणि कारण वहीत लिहायचं. बहुतेक मुलं ‘वर’ म्हणतात. त्यांचं चुकत नाही. लाकूड जळून राख उरते, कागद जळून हलका होतो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं. मग ठिणग्या तारांमधून सरकत जातात, आणि ती बाजू खाली झुकते. लोखंडाने हवेतला ऑक्सिजन धरून ठेवलेला असतो. लाकडातून मात्र कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ निघून गेलेली असते.

हे मी आधीच फळ्यावर लिहिलं असतं, तर मुलांनी ते उतरवून घेतलं असतं आणि परीक्षेनंतरही त्यांच्या मनात ‘जळलं की हलकं’ हेच राहिलं असतं. गंधक आणि फॉस्फरस जळताना वजन वाढतं हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएने १७७२ मध्ये नोंदवलं, तरी जुनी समजूत जायला बराच काळ लागला. चौदा वर्षांच्या मुलाला ती एका तासात सोडायला लावायची, तर प्रश्न कुठे विचारायचा आणि गप्प कुठे राहायचं हे शिक्षकाला कळावं लागतं. मला या कामातलं सगळ्यात जास्त हेच आवडतं.

आता इथल्या तरुण मंडळींसाठी थोडं व्यवहाराचं. बहुतेक देशांत वाट साधारण सारखीच असते: विषयाची पदवी, शिक्षक प्रशिक्षण, अनुभवी शिक्षकाच्या देखरेखीखाली शाळेत काम, मग परवाना. पदवी दुसऱ्या देशातली असेल तर आधी तिचं मूल्यांकन करून घ्यावं लागतं. भौतिकशास्त्राच्या शिक्षकांची अनेक देशांत टंचाई आहे. नोकरी करता करता प्रशिक्षण घेण्याचे मार्गही काही ठिकाणी आहेत, म्हणजे उद्योगातून आलेल्यांनाही दार बंद नाही. पुढे विभागप्रमुख होता येतं, नव्या शिक्षकांचं मार्गदर्शन करता येतं, अभ्यासक्रमाचं काम करता येतं. मुख्याध्यापकपदही असतं, पण त्यात वर्ग सुटतो. मी वर्गच धरून ठेवला आहे.

पालकांना एक विनंती आहे. मुलगा किंवा मुलगी शिक्षक व्हायचं म्हणाली, तर आधी पगाराकडे वळू नका. कोणता विषय, कोणत्या वयाच्या मुलांना, असं विचारा. आणि मुलांनो, अर्ज भरण्याआधी एखाद्या शाळेची परवानगी घेऊन पूर्ण दिवस विज्ञानाच्या शिक्षकाबरोबर काढा. फक्त तास बघू नका. सकाळी प्रयोगाची मांडणी, संध्याकाळी वह्यांचा गठ्ठा, मधल्या सुट्टीत शंका घेऊन आलेलं मूल, सगळं बघा. कोणाला अशी ओळख करून हवी असेल, तर सत्र संपल्यावर मी इथेच, व्यासपीठाच्या डाव्या बाजूला थांबणार आहे. नाव आणि विषय सांगून जा.